रैनूबापूंची खबर

सरकारी कचेरीत शिरताना माणसाची चाल बदलते. रस्त्यावर दणदण चालणारा माणूस आमच्या पायरीशी आला की खांदे आत घेतो, चपला काढाव्यात की राहू द्याव्यात याचा विचार करतो आणि आत आल्यावर आवाज निम्म्यावर आणतो. मी सव्वीस वर्षं वनखात्यात लिपिक होतो. त्यातली शेवटची दहा-अकरा सिंदेवाहीकडच्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात गेली. एवढ्या नोकरीत ज्याची चाल पायरीवर जराही बदलली नाही असा एकच माणूस मी पाहिला. रैनू कुळमेथे, हिरडाटोल्याचे भुमक. भुमक म्हणजे गोंडांच्या देवांचा पुजारी. लहानथोर सगळे त्यांना रैनूबापू म्हणत.

पहिल्यांदा आले तेव्हा मी त्या कार्यालयात रुजू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात कोणीतरी दिलेला जुना खाकी स्वेटर, डोक्याला पांढरा दुपट्टा. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, नीट टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. गावाकडची माणसं आमच्याकडे उभीच राहायची. बसा म्हटलं तरी भिंतीला टेकून उकिडवी बसायची. हे मात्र सोयऱ्याच्या घरी आल्यासारखे बसले, पाणी मागून प्याले आणि सरळ माझ्या डोळ्यात बघत म्हणाले, "जोहार बाबू. येत्या पुनवेले आमी ठाण्यावर जाऊन राह्यलो. साठ माणसं आहोत. दोन राती राहू. तुमच्या कानावर टाकलं."

ठाणं म्हणजे पेनठाणा, त्यांच्या पेनाची, म्हणजे कुळदेवाची जागा. हिरडाटोला पूर्वी जंगलाच्या पोटात होता. अभयारण्य झालं तेव्हा सरकारनं अख्खं गाव उचलून रस्त्याच्या कडेला आणलं. घरं दिली, हातपंप दिले, शाळा दिली. पेन मात्र तिथेच राहिला, ऐनाच्या पाच-सहा जुनाट झाडांखाली. देऊळ नाही, कळस नाही. काही दगड, काही लोखंड आणि झाडं. पुनर्वसनाच्या यादीत विहिरी होत्या, गोठे होते, आंब्याची झाडंसुद्धा मोजली होती. देवाचा रकाना कोणाला सुचला नव्हता. दरवर्षी माघी पुनवेला गाव ढोल घेऊन चालत त्याच्या भेटीला जायचं.

मी नवा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मी कोरा कागद ओढला आणि सुरुवात केली, "प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी..." तोच बापूंचा पंजा कागदावर येऊन बसला.

"काय लिवून राह्यले?"

"तुमचा अर्ज."

"अर्ज नाई, बाबू. खबर आहे."

"एकच की हो."

"एक काऊन? तुमच्या घरी पोरीचं लगन निघालं त शेजाऱ्याले काय म्हणता? लगन आहे, म्हणता. लगन करू का, अशे इचारता?"

मला हसू आलं. म्हातारा हट्टी आहे, साहेबांसमोर नेला की वळणावर येईल, असं वाटलं. तेव्हाचे आमचे धोटेसाहेब अमरावतीकडचे, गडी दिलदार. त्यांनी बापूंना बघताच हातातली लेखणी खाली ठेवली आणि मलाच म्हणाले, "घे लिहून, शेख. खबर मिळाली म्हणून लिही." आमच्या आवक नोंदवहीत अशा तोंडी खबरेला जागाच नव्हती. शेवटी मी ती शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात कोंबली.

पुनव झाल्यावर तिसऱ्या दिवशी बापू पुन्हा हजर. "साठ गेलतो, साठ आलो. चुलीतला इस्तो इझवून आलो." एवढं सांगून पाणी पिऊन गेले. ही दुसरी खबर त्यांच्याकडे कोणी मागितली नव्हती. पण सांगून गेलेल्या माणसानं परत आल्याचंही सांगायचं असतं, हा त्यांचा शिरस्ता होता. पळसाच्या मुळ्यांचा एक दोर त्यांच्याजवळ असे. आत जाताना माणसागणिक एक गाठ मारायची आणि बाहेर पडताना एकेक सोडायची. एका वर्षी सगळे रस्त्यावर आले आणि दोराला एक गाठ उरली. ठार बहिरी एक म्हातारी कुठंतरी झाडाखाली झोपून राहिली होती. बापू कोणालाही सोबत न घेता उलट पावली आत गेले आणि दोन तासांनी तिला हाताला धरून घेऊन आले. मी विचारलं, "वाघाची भीती नाही वाटली?"

"वाघ दिसला ना. तिकडच्या नाल्यात बसला होता."

"मग?"

"त्याच्याबी कानावर टाकलं."

हे असं ते अगदी सरळ चेहऱ्यानं बोलायचे. आपण हसायचं की मान डोलवायची हे कळेपर्यंत म्हातारा पायरी उतरून गेलेला असायचा.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, कारण बापूंनीच ती मला दाखवली. मी आरमोरीचा. वडील बाजारात बांगड्या विकत. घरातला पहिला सरकारी नोकर मी, त्यामुळे नोकरीची भीती माझ्या हाडात बसलेली. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी मला अर्धा-पाऊण तास लागे. तो जेवणाच्या सुट्टीतच बसायचा, म्हणजे तसा कोणाच्या बापाचा नव्हता. तरी मी दर शुक्रवारी साहेबांच्या दारात उभा राहून विचारायचो, "साहेब, जाऊ का?" आणि साहेब मान वर न करता "हं" म्हणायचे. एकदा बापू समोर बसलेले असताना हे झालं. मी टोपी खिशात घालून निघालो तर ते माझ्याबरोबरच उठले.

"बाबू, साहेबानं नाई म्हटलं असतं त?"

"ते कशाला नाही म्हणतील?"

"म्हटलं असतं त?"

मशिदीच्या वळणापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. वळणावर ते म्हणाले, "बिचारा साहेब. हप्त्या-हप्त्याले तुमी त्याले तुमच्या अल्लाच्या वर बसवता." आणि आपल्या वाटेनं निघून गेले. त्या दिवशी नमाजात माझं लक्ष लागलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, नमाजला जाऊन येतो." साहेब मान वर न करता "हं" म्हणाले. वरून काहीच बदललं नव्हतं. पण मला मात्र त्या दिवशी मशिदीची वाट दोन हात रुंद झाल्यासारखी वाटली.

बापूंचा हा कडवेपणा फक्त आपल्या देवापुरता असता, तर मी त्यांना एक मानी म्हातारा म्हणून विसरून गेलो असतो. पण त्यांचा सख्खा पुतण्या सुरेश शहरात कामाला गेला आणि तिकडून येशूची प्रार्थना करणारा होऊन परत आला. हिरडाटोल्यात गहजब झाला. गावानं बैठक घेतली. सुरेशच्या घरच्यांना हातपंपावर येऊ द्यायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. त्यातच बाहेरून एक अधिकारी गावात आला. गावातून कोण कोण दुसऱ्या धर्मात गेलं याची त्याला यादी हवी होती, आणि फूस लावून नेलं असं लिहिलेल्या कागदावर भुमकाचा अंगठा हवा होता. त्या दिवशी जंगलातल्या वणव्याच्या पंचनाम्यासाठी मी गावातच होतो, म्हणून हे मी स्वतः पाहिलं.

बापूंनी कागद वाचून घेतला. कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते कशावरही अंगठा देत नसत. मग म्हणाले, "सुरेशले कोणी धरून नेलं का नाई, मले मालूम नाई. त्यानं मले खबर देल्ली नाई. आन मले त्यानं खबर द्याव, अशी काई जबरदस्ती बी नाई."

"तुमचा पुतण्या तुमचा देव सोडून गेला," अधिकारी म्हणाला. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटते ना." बापूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. "लय दुखते. हा लेकरू असताना मीच त्याले खांद्यावर बसवून ठाण्यावर नेलं होतं. पण मले दुखते म्हणून त्याच्या पायाले दोर बांधू का? तुमाले जर यादी पायजे त माहं एकट्याचं नाव लिवा. मी कुळमेथे, माह्या पेनाचा माणूस. बाकीच्याइचं त्याइले इचारा, आन त्यायनं नाई सांगितलं त नका इचारू."

अधिकारी गेल्यावर ते उठले, हातपंपावर गेले, सुरेशच्या बायकोची रिकामी घागर उचलली आणि सगळ्यांच्या देखत स्वतः दांडा मारून भरून दिली. भुमकाच्या हातानं भरलेल्या पाण्याला नावं ठेवायची कोणाची छाती होती? मी पंचनाम्याचे कागद गुडघ्यावर धरून बघत राहिलो होतो. असा माणूस मी फार जवळून पाहतो आहे, याची मला त्या क्षणी जाणीव झाली.

आता त्या अर्जाचं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

धोटेसाहेबांची बदली झाली आणि साताऱ्याकडचे पवारसाहेब आले. तरुण, सरळ, कामाला वाघ. त्याच सुमारास वरून हुकूम आला की अभयारण्याच्या गाभ्यात कोणालाही लेखी परवानगीशिवाय सोडायचं नाही. माघ आला. बापू आले, खुर्चीत बसले, खबर दिली. पवारसाहेबांनी त्यांना आत बोलावून चहा दिला. माणूस वाईट नव्हताच.

"बाबा, एक पानाचा अर्ज द्या," साहेब म्हणाले. "मी इथंच, तुमच्यासमोर सही करतो. अडवायचं माझ्या मनातही नाही."

"अर्ज नाई, साहेब."

"अहो, मी हो म्हणतोय ना!"

"तुमी हो म्हणून राह्यले, म्हणूनच त भेव वाटते." बापूंनी बशी खाली ठेवली. "हो म्हणणाऱ्याले नाई बी म्हणता येते. आज तुमी आहा, उद्या दुसरा येईन. पेन आमचा, ठाणा आमचा. आमी तुमाले सांगून जातो, कारण आता तुमी शेजारी आहा. इचारून नाई जात."

"नियम आहे, बाबा. माझ्या हातात नाही."

"मंग तुमच्या हातात नाई ते मी तुमाले मागू कसा?"

साहेब हतबल होऊन माझ्याकडे बघू लागले. अखेर मीच मध्ये पडलो. म्हटलं, बापू, तोंडी खबर आता वरचे लोक मानत नाहीत. तुमची खबर कागदावर लिहू, त्यावर तुमचा अंगठा घेऊ. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "खबर लिवा. जशी सांगतो तशी."

मी माझ्या टेबलावर येऊन लिहायला बसलो. ते सांगत होते: आम्ही हिरडाटोल्याचे लोक माघी पुनवेला आमच्या ठाण्यावर जात आहोत. साठ माणसं, दोन रात्री. तुम्हाला माहीत असावं. मी लिहीत होतो: विषय, पूजाअर्चेसाठी परवानगी मिळणेबाबत. अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की. कृपया परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. चोवीस-पंचवीस वर्षांचा सराव होता, हात आपोआप चालत होता. पण नुसत्या हातावर ढकलून चालणार नाही. मला कळत होतं. मला वाटलं, शब्दांनी काय होतं? गावाची तयारी झाली आहे, मोहाची फुलं भिजत पडली आहेत, ढोल तापवून ठेवले आहेत. कागद आमच्या पद्धतीनं गेला म्हणजे काम होईल. आणि म्हाताऱ्याला कधी कळणार आहे?

"वाचा," बापू म्हणाले.

मी वाचलं. कागदावर नजर ठेवून मी त्यांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कागदावर त्यातलं अक्षरही नव्हतं.

"खबरच आहे ना, बाबू?"

"हो, बापू."

त्यांनी अंगठा दिला. शाई पुसायला मी चिंधी पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या, जाईन आपोआप." आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसू मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुनवेच्या सकाळी मी मुद्दाम अभयारण्याच्या फाटकावर गेलो होतो. गाव आलं. ढोल, बाया, लेकरं, सगळ्यांत पुढे बापू, हातात दोर. फाटकावरच्या वनरक्षकानं वरच्या कार्यालयातून अटी लागून आलेला परवानगीचा कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "आपण केलेल्या विनंती अर्जास अनुसरून खालील अटींवर परवानगी देण्यात येत आहे. वीस व्यक्ती. सकाळी नऊ ते दुपारी चार. वाद्य वाजवता येणार नाही. मुक्काम करता येणार नाही."

बापूंनी हात वर केला. ढोल थांबले.

"पुन्हा वाच, बेटा. पयली ओळ."

त्यानं वाचली. बापू माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुमीच लिवलं?" आणि मी मान खाली घातली. ते दोन पावलं मागं सरले, फाटकाबाहेरच्या मातीत बसले आणि त्यांच्यामागे अख्खं गाव बसलं.

तेवढ्यात पर्यटकांच्या जिप्सी यायला लागल्या. वाघ बघायला आलेली मंडळी, गळ्यात कॅमेरे, हातात तिकिटं. गावातली पोरं रस्त्यावर आडवी बसायला निघाली. बापूंनी त्यांना ओरडून बाजूला घेतलं. "गाड्या अडवू नका. त्याइच्या वाटेत आपण काऊन बसाचं? जाऊ द्या त्याइले." मग एकेक जिप्सी फाटकातून आत जात राहिली आणि ज्यांचा देव आत होता ती माणसं धुळीत बसून बघत राहिली.

दुपारी पवारसाहेब आले. झाला प्रकार ऐकला आणि म्हणाले, "बाबा, अटी मी बघून घेतो. साठच्या साठ जा. ढोलही न्या. जबाबदारी माझी."

"माहा अंगठा परत द्या," बापू म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या कागदावर मी मागितलं अशे लिवलं आहे. मी मागितलं नाई. तो अंगठा माहा आहे, तो मले परत पायजे. जाचं-येचं मंग पाहू."

साहेब म्हणाले की आवक झालेला कागद फायलीतून काढता येत नाही. खरंच येत नाही. त्या क्षणी कोणी मला ढकललं नाही की कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. जिप्सींच्या रांगेशेजारी उभ्या उभ्या मी वहीचा एक कागद फाडला आणि लिहून दिलं: रैनू कुळमेथे यांनी परवानगी मागितलेली नाही. त्यांनी खबर दिली. मी त्यांच्या सांगण्याविरुद्ध अर्ज लिहिला, त्यांना खोटं वाचून दाखवलं आणि फसवून अंगठा घेतला. खाली सही केली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

साहेबांनी वाचलं. "शेख, याचा अर्थ कळतो तुम्हाला? तुमच्यावर चौकशी लागेल. आणि अर्जच खोटा ठरला, तर परवानगीही गेली. मग मला यांना आत सोडताच येणार नाही."

मी ते बापूंना समजावून सांगितलं. या खेपेला शब्दन् शब्द. त्यांनी ऐकून हातातला दोर कमरेला खोचला आणि म्हणाले, "बरं झालं. आता मोकळा झालो." मग फाटकाकडे तोंड करून त्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं, उठले, आणि गाव घेऊन परत निघाले.

त्या वर्षी पेनाला कोणी भेटलं नाही. गावात कुरबुर झाली. भुमकाच्या एका अंगठ्यापायी देव उपाशी राहिला, असं लोक तोंडावर बोलले. बापू त्यांना म्हणाले, "पेन यंदा एक वर्स उपाशी राहीन. पण तो कागद तसाच राह्यला असता त आपल्या नातवाच्या नातवाले बी अर्ज करा लागला असता." बाहेर हे एवढं ठाम. घरी मात्र, त्यांच्या बायकोनं, फुलाबाईंनी मला सांगितलं, ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि जेवणाला हात लावत नसत. आपण केलं ते बरोबर की चूक, हे देवालाच विचारायचं असतं आणि तिथेच जाता येत नाही, अशा पेचात तो माणूस होता.

माझी चौकशी झाली, ठपका बसला, ते सोडा. मी बापूंना तोंड दाखवत नव्हतो. महिन्याभरानं ते स्वतःच आले. नेहमीसारखे फायली उचलून खुर्चीत बसले. पवारसाहेबांनी त्यांना वनहक्क कायद्याचं सांगितलं होतं: गावाची ग्रामसभा सामूहिक दावा करू शकते, त्यात देवाची जागाही येते.

"दावा म्हंजे काय, बाबू? मागणं का?"

"नाही, बापू. दावा म्हणजे हे आमचं आहे असं सांगणं."

"हाव?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग लिवा."

"मी?"

"तुमीच. ज्या हातानं बिघडलं त्याच हातानं नीट झालं पायजे. नाईतर तुमी जलमभर तो कागद छातीवर घेऊन फिरान."

मी ढसाढसा रडलो. कार्यालयात, टेबलावर डोकं ठेवून, शिपाई बघत असताना. म्हातारा शांतपणे पाणी पीत बसला होता.

दावा मी लिहिला. प्रत्येक ओळ तीनदा वाचून दाखवली आणि वाचताना दरवेळी त्यांचा नातू शेजारी बसवला, ज्याला वाचता येत होतं. ते बसवणं माझंच होतं. बापूंनी तशी अट घातली नव्हती. ग्रामसभेनं ठराव केला. मग कागद समित्यांमधून फिरू लागला. त्या दोन वर्षांत दर माघी पुनवेला बापू आधी कार्यालयात येऊन खबर देत, साहेब म्हणत, "बाबा, अजून आदेश नाही," आणि पुनवेला गाव फाटकाबाहेर दिवसभर बसून परत जाई.

समितीपुढं साक्षीला मी त्यांच्यासोबत होतो. विचारलं गेलं, "या जागी तुम्ही केव्हापासून पूजा करता? पुरावा काय?" बापू उभे राहिले आणि आपल्या आधीच्या भुमकांची नावं सांगू लागले. वडिलांचं, आजाचं, पणज्याचं, तिथून मागं. प्रत्येक नावापाठी थोडं थांबून, तो माणूस समोर येऊन बसावा एवढा वेळ देऊन. लिहून घेणारा कारकून दहा-बारा नावांनंतर थकला आणि त्यानं लेखणी खाली ठेवली. नावं संपली नव्हती. शेवटी अध्यक्षच हात जोडून म्हणाले, "पुरे, बाबा." बापू म्हणाले, "आणखी आहेत. लिवून घ्या. मंग कोणी इचारीन त तुमाले सांगता आलं पायजे." आणि त्यांनी ती सगळी सांगितली.

मान्यतेचा कागद आला तेव्हा मी निवृत्त होऊन आरमोरीला परतलो होतो. बापूंनी निरोप धाडला, वाचायला या. मी गेलो. ते बाजेवर होते, दम लागत होता, पाय सुजले होते. मी वाचलं. त्यांनी विचारलं, "परवानगी हा शबद कुठी आहे का?" मी पुन्हा सगळं बघितलं. "कुठंच नाही, बापू. हक्क असं लिहिलंय." त्यांनी डोळे मिटले आणि किती तरी वेळ हसत पडून राहिले.

माघाला थोडेच दिवस होते. गावातले लोक म्हणाले, आता हक्क मिळाला, आता कार्यालयात कशाला सांगायचं? बापू नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून सिंदेवाहीकडे गेलेच. पायरीवर दोनदा थांबावं लागलं म्हणे. पण खबर दिली.

पुनवेला मी त्यांना शेवटचं पाहिलं. पुढं मोहाची फुलं पडायच्या आतच ते गेले, आणि मला कळलं तेव्हा मातीही झाली होती. पुनवेच्या त्या सकाळी गाव बाज घेऊन आलं होतं, त्यांना उचलून न्यायला. फाटक दिसताच ते बाजेवरून उतरले. कोणाचा हात घेतला नाही. ढोल वाजत होते. ते एकेक पाऊल टाकत पुढे आले. फाटकावर नुकताच लागलेला एक पोरसवदा वनरक्षक होता. त्याला आदेश माहीत होता, पण रोजची सवय; माणूस समोर आला तसा त्याचा हात कागदासाठी आपोआप पुढे झाला, तळवा वर.

बापू थांबले. त्या उघड्या हाताकडे त्यांनी पाहिलं. मग आपले दोन्ही हात पुढे करून तो हात त्यांनी हातात घेतला, प्रेमानं दाबला, "जोहार, बेटा," म्हणाले आणि आत चालते झाले.

तो पोरगा क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं फाटकाचा दांडा वर उचलला आणि शेवटची म्हातारी आत जाईपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.